आधी हाक, मग घास

मालुबाई,

तुला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. त्यामुळं हे पत्र लिहिण्यात तसा काही अर्थ नाही. तरी लिहिते. अर्थ असलेल्याच गोष्टी करायच्या हा हट्ट म्हातारपणी सोडावा लागतो. तुझ्याबद्दल कुणाला सांगायला लागले की माणसं मध्येच विचारतात, "म्हणजे तिथं भूत होतं का?" नाहीतर विचारतात, "म्हणजे तिला वेड लागलं होतं का?" दोन्ही प्रश्नांनी माझं डोकं फिरतं. म्हणून एकदाचं सगळं पहिल्यापासून लिहून काढते. चुकलं तर तू बोलणार नाहीस, नुसतं तोंड वाकडं करशील. ते मला इथून दिसेल.

पुढं तुला "ती" म्हणणार आहे, रागावू नको. माणसाला समोर बसवून त्याची गोष्ट सांगता येत नाही. ऐकणारा लाजतो आणि सांगणारा गोड बोलायला लागतो. त्यात मी येईन ती "बाई" म्हणून येईन. तू तीच हाक मारायचीस. माझं नाव ब्राह्मी आहे हे तुझ्या डोक्यात कधी राहिलंच नाही.

तर ऐक.

मालुबाई कुरणवाडीच्या भोयांची सून. निपाणीहून सकाळी बैलगाडी जुंपली की उन्हं तापायच्या आत कुरणवाडी येते. वेदगंगा तिथं मोठं वळण घेते आणि वळणाच्या पोटात डोह आहे. उन्हाळ्यात बाकीची नदी घोट्यापर्यंत उरते, भोई तिच्या वाळूत वाळकं-कलिंगडं लावतात, पण डोह मात्र बारा महिने काळा. तो साती आसरांचा. या पाण्यातल्या सात बहिणी. भर दुपारी, काठावर चिटपाखरू नसतं तेव्हा त्या केस वाळवायला वर येतात म्हणे, आणि एखादं माणूस आवडलं तर घेऊन जातात. भोयांनी सगळ्या नदीत जाळी टाकावीत, या डोहात टाकू नयेत. गळ नाही, काठी नाही, काही नाही. इथले मासे आसरांचे. मोठ्या खवल्यांचे, हाताएवढे लांब, आणि माणसाला न भिणारे.

या माशांना रोज दुपारी जेवायला बोलवायचं काम मालुबाईच्या सासरच्या घराकडं होतं, तेही घरातल्या बाईकडं. त्यासाठी दोन काळे दगड होते, मुठीत मावणारे, घासून घासून गुळगुळीत झालेले. सासूनं सुनेला द्यायचे. काठाला एक सपाट शिळा आहे, तिच्यावर बसायचं, हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचे आणि पाण्याच्या आत दगडावर दगड तीनदा आपटायचा. मग शिळेवर आडवं होऊन एक कान पाण्यात बुडवायचा. मासे येत असले की पाण्यातून आवाज येतो, सुपात तीळ पाखडल्यासारखा. तो आला की दहीभाताचा घास सोडायचा. नियम एकच आणि तो मोडायचा नाही: आधी हाक, मग घास. हाकेला कुणी आलं नाही तर भात परत घरी न्यायचा. न बोलावता, मासे आलेले नसताना पाण्यात सोडलेला भात जिवंताचा नसतो. तो पिंड होतो.

सासूनं मालुबाईला माशांच्या कानाबद्दलही शिकवलं होतं. तोंडानं कितीही बोंबल, त्यांना ऐकू जात नाही. वाऱ्यावरचा आवाज पाण्यावर आपटून परत जातो. पण काठावर टाच आपटलीस तर तळापर्यंत जातं. भोई नदी ओलांडायला गुऱ्हाळातली जुनी लोखंडी काहील वापरत. त्या काहिलीत बसून गडी घसा फोडून गाणी म्हणायचे आणि मासे खुशाल खालून फिरायचे. पण कुणाच्या हातातला तांब्या काहिलीत पडला की त्या दिवशी जाळं रिकामं. सासू म्हणायची, "गानं म्हना, भांडान करा, पर पाय आपटू नगासा."

मालुबाईला एकच मूल टिकलं, गुणा. ती पोर चालायला लागायच्या आधी पोहायला लागली असं कुरणवाडीत म्हणत. तिनं आईच्या हाकेचा खेळ केला होता. आई शिळेवर बसून तीन ठोके द्यायची, गुणा लांब कुठंतरी पाण्यात असायची, ती बुडी मारून तळातला दगड दगडावर दोनदा आपटायची. तीनाला दोन. पाण्यात कान घालून पडलेल्या आईला ते दोन ठोके इतके जवळून ऐकू यायचे की पोर कुशीत असल्यासारखं वाटायचं. पाण्यातला आवाज कुठून आला हे माणसाच्या कानाला कळत नाही. तो सगळीकडूनच येतो.

एका चैत्रात दुपारी मालुबाईनं तीन ठोके दिले. दोन ठोके आले. मासे आले, तिनं भात सोडला, हात धुतले. गुणा वर आली नाही.

पंचांतला म्हातारा नागोजी काठावर येऊन बसला आणि म्हणाला, आसरांनी नेलंय, ठेवायचं नसलं तर त्याच वर आणून देतील. डोहात गळ फिरवायचा नाही. गावानं मान डोलावली. वाट बघणं चालू झालं. काही वर आलं नाही. मालुबाईचा नवरा भरमू तेव्हा रस्त्याच्या खडीच्या खाणीत सुरुंग लावायच्या कामावर होता. लेक बुडाल्याचं कळल्यावर तो आला, दिवसभर पाण्याकडं बघत बसला, परत खाणीवर गेला आणि सुरुंगाच्या दारूचे दोन तोटे कमरेला बांधून आला. गळ फिरवायचा नाही असं पंच म्हणाले होते. सुरुंगाचं कुणी काही म्हणालं नव्हतं, कारण असलं कुणाच्या डोक्यात येईल हेच कुणाला वाटलं नव्हतं. भरमूला वाटलं, धक्क्यानं तळ ढवळेल, पोर वर येईल, निदान अग्नी तरी देता येईल.

तोटे त्यानं वात पेटवून पाण्यात सोडले आणि वाकून बघत राहिला. पाणी खांबासारखं वर गेलं. मग डोह पांढरा झाला. सगळे मासे पोट वर करून, या काठापासून त्या काठापर्यंत. गुणा त्यात नव्हती. भरमू चिखलात गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं. नागोजी काय ओरडत होता ते काठावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं, त्याला एकट्याला नाही.

त्या दिवसापासून भरमू ठार बहिरा. आणि त्या दिवसापासून डोहही बहिरा. गुरवानं सांगितलं, आसरा रुसल्या. ज्या दिवशी डोह हाक ऐकेल त्या दिवशी समजायचं की त्यांनी पोरीला मोकळं केलं. मालुबाईनं एवढंच धरलं. मासे आले पाहिजेत. ते येईपर्यंत गुणाचं काही करायचं नाही: दहावा नाही, तेरावा नाही, तिच्या नावानं पाण्यात चिमूटभर भात नाही. नागोजीनं एकदा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या पोरीचं मडं दावा, मग जेवान घालतो." पुन्हा कुणी विषय काढला नाही.

रोज दुपारी ती शिळेवर बसे. तीन ठोके. कान पाण्यात. काही नाही. भात परत घरी. पावसाळ्यात पुराबरोबर वरच्या अंगानं नवे मासे डोहात यायचे, ते तिला दिसायचेही, काळे, निवांत. पण दगड वाजला की ढिम्म. वर्षं गेली. घरात नवराबायकोचं बोलणं संपलं होतं. त्याला ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू आलं असतं तरी तिनं काय बोलायचं? भरमू एकतर गप्प असे नाहीतर ओरडे. समोरच्याचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाला मधलं काही जमत नाही.

आणि मग एका दुपारी, कान पाण्यात असताना, मालुबाईला दोन ठोके ऐकू आले.

ती उठली नाही. श्वाससुद्धा सोडला नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन दिले, पुन्हा दोन आले. तिनं कुणाला सांगितलं नाही. असं बरेच महिने चाललं. पुढं पावसाळ्याच्या तोंडाला भरमूला हिवताप आला, तो घोंगडीत कुडकुडत पडला आणि ठोके बंद झाले. भरमू उठून हिंडायला लागला आणि ठोके चालू झाले. मालुबाई काही दुधखुळी नव्हती. तिला कळलं. तिनं जाऊन बघितलं नाही, त्याला विचारलं नाही. दुपारी शिळेवर बसायचं तेवढं चालू ठेवलं.

बाई या सगळ्यात आल्या त्या वाळकांमुळं. निपाणीतल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याची मुलगी, जैनाघरची, पुण्याला कॉलेजात जाऊन प्राणिशास्त्र शिकून आलेली. तिथं मासा कापला होता हे आप्पांना, म्हणजे वडलांना, कळू नये म्हणून घरात वर्षभर खोटं बोललेली. गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायची. बाजारादिवशी मालुबाईकडून वाळकं घ्यायची आणि भावावरून हुज्जत घालायची. अशाच एका हुज्जतीत मालुबाईनं मध्येच विचारलं, "बाई, मासं बहिरं व्हत्यात का?"

बाईंना असला प्रश्न शाळेतसुद्धा कुणी विचारला नव्हता. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिथंच, वाळकांच्या ढिगापाशी उकिडवं बसून सगळं सांगितलं. माशाला बाहेर कान नसतो, पण आत असतो. पाणी आणि माशाचं अंग जवळजवळ एकाच जातीचं, त्यामुळं आवाज त्याच्या अंगातून आरपार जातो, अडत नाही. अडवायला डोक्यात खडे असतात, जड. आवाजानं मासा हलतो, खडे मागं राहतात, त्या ओढाताणीतून त्याला ऐकू येतं. शिवाय पोटात हवेची पिशवी, ती ढोलकीसारखी थरथरते. आणि या खवल्यांच्या माशांत तर त्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळीच असते. कुशीवर जी रेघ दिसते ना, ती निराळी. जवळचं पाणी कुणी ढकललं की ते तिला कळतं, आंधळ्याच्या हातासारखं.

"खडं ठावं हाईत," मालुबाई म्हणाली. "तांदळाच्या कणीवानी. डोस्क्यात सापडत्यात. मग सुरुंगानं?"

सुरुंगानं पिशव्या फुटतात, बाईंनी सांगितलं. मेले ते मेले, आणि वाचले त्यांतले पुष्कळ बहिरे झाले असतील.

"आन आता जे हाईत ते?"

"ते पुरात वरून आलेले. त्यांना कान आहेत. ओळख नाही."

मग मालुबाईनं डोहाचं सगळं सांगितलं, ठोक्यांचं आणि परत नेलेल्या भाताचंही. बाईंना हसू आलं आणि रागही. इतकी वर्षं रोज मालुबाई माशांना शिकवत होती की दगड वाजला म्हणजे काहीही मिळत नाही. जुन्या माशांना कुणी जन्मजात हाक कळत नव्हती; ठोका झाला की भात, ठोका झाला की भात, असं पिढ्यान्‌पिढ्या चालल्यामुळं ते यायचे. बाई म्हणाल्या, मासे दिसोत न दिसोत, तू ठोके दे आणि लगेच भात टाक. रोज, त्याच जागी. पाऊस यायच्या आत ते हाकेला येतील.

मालुबाईचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा झाला. "आधी हाक, मग घास, बाई. आधी टाकला तर पिंड व्हतो."

"पाण्याला काय कळतंय, मालुबाई?"

"पान्याला न्हाय. मला कळतंय."

ती वाळकं रचायला लागली. बाईंनी तिचा मुद्दा ओळखला आणि तरी दोन-चार वाक्यं जास्तच बोलल्या. तो त्यांचा स्वभाव. मासे हवेत तर भात टाकावा लागेल. भात टाकला तर गुणा मेली असं स्वतःच्या हातानं म्हणावं लागेल. मासे आले की पोर सुटेल, आणि मासे यायचे तर आधी पोरीला सोडावं लागेल. यातून बाहेर यायला वाट नव्हती, आणि मालुबाई वाट शोधत होती असंही नाही. ती खाली बघून म्हणाली, "शिवाय जबाब येतोय मला."

त्या आठवड्यात बाई कुरणवाडीला गेल्या. दुपारची वेळ. नदीवर ऊन असं पडलं होतं की डोळे उघडवत नव्हते, आणि डोहावर मात्र ते ऊन नुसतं टेकल्यासारखं, आत शिरत नव्हतं. कावळासुद्धा नव्हता. मालुबाईनं तीन ठोके दिले. वर बसलेल्या बाईंना ते जेमतेम ऐकू आले. मग तिनं सरकून जागा दिली. बाई शिळेवर आडव्या झाल्या, लुगडं भिजलं, कान पाण्यात गेला आणि जग बंद झालं. नुसता एक घुमणारा काळोख. त्यात, अगदी कानाच्या आत, दोन ठोके.

ध्वनी पाण्यातून किती वेगानं जातो हे त्यांनी परीक्षेत लिहिलं होतं, त्याचा तिथं काही उपयोग झाला नाही. त्या ताडकन उठल्या आणि, असल्या वेळी बाई करायच्या तेच त्यांनी केलं: कोण वाजवतंय ते बघायला निघाल्या.

वळणाच्या खाली, उंबराच्या मुळांआड एक खडक पाण्यात घुसला आहे. शिळेवरून तो दिसत नाही. भरमू त्या खडकावर पालथा पडला होता. डोकं मानेपर्यंत पाण्यात, दोन्ही हात पाण्यात. श्वास घ्यायला वर आला तेव्हा त्यानं बाईंना पाहिलं. हातातले दगड त्यानं लपवले नाहीत. नुसती मान हलवली, एकदा, आणि पुन्हा डोकं पाण्यात घातलं.

बाई तरातरा परत आल्या आणि सांगून मोकळ्या झाल्या. "तुझा नवरा वाजवतोय."

"ठावं हाय."

बाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. मग त्यांनी विचारलं, की त्याला तुझे ठोके ऐकू कसे येतात. आणि उत्तरही त्यांनीच दिलं. कानाचे पडदे फाटले, पण आतला कान शाबूत असणार. हवेतला आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. पण डोकं पाण्यात घातलं की पाण्यातला आवाज सरळ कवटीतून आत जातो. हाडातून. माशासारखाच.

"म्हंजे मासं मारलं, आन आता सोता मासा झाला," मालुबाई म्हणाली. त्यात राग नव्हता. चेष्टा होती, नवऱ्याची बायको करते तशी. मग ती म्हणाली, "त्यो वाजवतोय म्हनून मी ऐकतो. मी ऐकतो म्हनून त्यो वाजवतोय. दुसरं काय बोलनंच न्हाय आमचं, बाई. हे बी बंद करू?"

बाईंनी ओला पदर पिळला आणि एकही सल्ला न देता गाडीत जाऊन बसल्या. त्यांच्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

लढाईच्या शेवटच्या वर्षांत, रॉकेल मिळेना तेव्हाची गोष्ट. भरमूच्या छातीत पाणी झालं. उठवत नव्हतं, डोहावर जाता येत नव्हतं. एका संध्याकाळी मालुबाईनं ते दोन दगड घरी आणले. एक तिनं त्याच्या कानशिलाच्या हाडावर टेकवून धरला आणि दुसऱ्यानं त्यावर हळू मारलं. तीनदा. भरमूनं डोळे उघडले. बोटानं खाटेच्या माचव्यावर दोनदा टकटक केलं. तिला ते ऐकू आलं, त्याला आलं नाही.

मग तो बोलला. मोठ्यानं, बहिऱ्याच्या आवाजात, शेजारच्या भावकूच्या घरापर्यंत गेलं असेल. "तुला वाटतंय मी सुरू केलं. म्या न्हाय. कान गेल्यापास्नं मला कायबी ऐकू येत न्हवतं. त्या दिशी जीव द्यायला गेलतो, उंबराखाली. डोस्कं पान्यात घातलं आन दोन ठोकं ऐकलं. तुझं तीन असत्यात. ह्ये दोन व्हतं. म्हनून जीव न्हाय दिला. म्या जबाब द्यायला लागलो. पयलं म्या न्हाय वाजवलं, मालू."

तिनं त्याला पुष्कळ विचारलं. त्याला ऐकू येत नव्हतं. पहाटे तो गेला.

दहाव्याला भावकीतली माणसं काठावर जमली. विधी झाला, माणसं पांगली. मालुबाई एकटी मागं राहिली आणि शिळेवर जाऊन बसली. तीन ठोके दिले. कान पाण्यात घातला आणि किती वेळ पडून राहिली कोण जाणे. पदर वाहत लांब गेला होता. काही आलं नाही. ना तीळ पाखडल्याचा आवाज, ना दोन ठोके. मग तिनं उठून पानातला भात घेतला. एक घास भरमूच्या नावानं सोडला. दुसरा हातात धरून बसली. हे तिनं बाईंना नंतर स्वतः सांगितलं: हात पाण्यावर होता आणि मूठ उघडत नव्हती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. शेवटी तिनं मूठ तशीच पाण्यात बुडवली. पाण्यात ती आपोआप सुटली.

त्यानंतर रोज. तीन ठोके आणि लगेच भात. बाईंनी सांगितलं होतं अगदी तसं. आधी किरकोळ मासळी आली, मग पावसाळा गेला, पाणी निवळलं, आणि कार्तिकात एका दुपारी ठोक्याबरोबर डोहाच्या मधून काळ्या पाठी सरकत आल्या. मोठ्या खवल्यांच्या. एकानं तिच्या बोटातूनच भात नेला.

गाव लोटलं. नागोजी तोवर काठी टेकायला लागला होता, त्यानं शिळेला नारळ फोडला. बायांनी मालुबाईची ओटी भरायला घेतली, ती मागं सरली. गुरवानं सांगितलं, डोहानं हाक ऐकली, पोर मोकळी झाली. सगळ्यांना आनंद झाला. मालुबाईला इतक्या वर्षांत जे पाहिजे होतं ते मिळालं, आणि ती वाळत चालली.

याचं कारण तिनं बाईंना सांगितलं ते स्वराज्याचे झेंडे लागले त्या पावसाळ्यात. शाळेत साखर वाटून झाली होती, पोरी घरी गेल्या होत्या. मालुबाई पायरीवर येऊन बसली. डोक्यावर घोंगडीचं घोंगतं, पाय चिखलानं भरलेले. म्हणाली, आता ठोके दिले की मासे इतके येतात, इतके येतात, की कान पाण्यात घातला तर नुसती त्यांचीच सळसळ. डोह सगळा त्या आवाजानं भरून जातो. त्याच्या मागं दोन ठोके असले तरी ऐकू येणार कसे? पहिल्यांदा कुणी वाजवले होते, बाई? भरमू खोटं बोलणारा गडी नव्हता.

बाईंनी कारणं दिली. तळातला सैल दगड. तापून थंड होताना तडकणारा खडक. शिंगाळा मासा काट्यानं करकर आवाज काढतो, तोही असेल.

"करकर येगळी, ठोका येगळा," मालुबाई म्हणाली. "मी भोईन हाय, बाई."

पाऊस पडत होता. मग तिनं काम सांगितलं.

आता पुन्हा तुझ्याशीच बोलते, मालुबाई, कारण ते काम तू मला सांगितलंस.

तू म्हणालीस, उंबराखालच्या खडकाकडं मासे येत नाहीत, तिथं पाणी गप्प असतं. तिथं तुम्ही जाऊन पडा. मी त्या दिवशी शिळेवर बसणार नाही, दगडाला हात लावणार नाही, कुणी वाजवणार नाही. दुपारी डोकं पाण्यात घाला आणि नुसतं ऐका. मी विचारलं, तू स्वतः का जात नाहीस? खडक काही लांब नाही. तू माझ्याकडं असं बघितलंस, जणू शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये का. म्हणालीस, "मी गेलो तर मला ऐकू येनारच. माझं कान फितूर हाईत. तुमचं कोरडं हाईत. तुमास्नी कायबी ऐकायचं न्हाय, म्हनून तुमीच ऐका."

मी हो म्हटलं. वेदगंगा तेव्हा दुथडी गढूळ होती, खडक बुडालेला होता. तू म्हणालीस, पाणी निवळलं की सांगावा धाडतो, दिवाळीच्या आधी.

पूर ओसरता ओसरता तुला हिवतापानं नेलं. सांगावा आला तो त्याचा. दगड नागोजीच्या सुनेनं उचलले, मासे तिच्या हाकेलाही येतात असं ऐकलं. ती आधी भात टाकते की नंतर, मी विचारलं नाही.

इतक्या वर्षांत त्या बाजूला माझं चारदा तरी जाणं झालं. एकदा तर उंबरापर्यंत गेले, चपला काढल्या. वर ऊन टेकलं होतं, तेव्हासारखंच. वेळही दुपारचीच होती आणि पाणी निवळ होतं. पण तुला कोरडे कान पाहिजे होते, मालुबाई. मी उभी होते तिथंच, काठावर, डोकं पाण्यात न घालता, दोन ठोके यायची वाट बघताना मीच मला सापडले.

चपला घातल्या आणि परत आले. खडक अजून आहे.